बिया काढलेली ऑलिव्हं

ऑलिव्ह मला आवडत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लोक म्हणायचे, हा बाबा म्हातारपणी जिभेचे चोचले पुरवत शहरभर हिंडला. मी ते आयुष्यात एकदाच खाल्लं होतं, कुणाच्या तरी पार्टीत, द्राक्ष समजून, आणि तसंच रुमालात काढलं होतं. तरीही गेल्या पाच आठवड्यांत मी ऑलिव्हपायी सहा ठिकाणं पालथी घातली. तीही एकट्याने नाही, वॉकर घेऊन चालणाऱ्या ताईला सोबत घेऊन.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझी वेणीफणी सोडली तर बाकी सगळं तिनेच केलं. मी कामाला लागलो तेव्हा ती नर्स म्हणून परदेशी गेली, भूमध्य समुद्राच्या काठच्या एका बंदरात, आणि अकरा वर्षांनी परत आली. लग्न केलं नाही. आता सत्तर वर्षांची आहे, उजव्या खुब्याचा सांधा पार झिजलाय आणि दीड वर्षापासून ती आमच्याकडे राहते.

सांधा बदलायचा होता, तारीखसुद्धा मिळाली होती. पण हाडांच्या डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि मान हलवली. "पंचेचाळीस किलो झाल्याशिवाय मी यांना भूल देऊ देणार नाही. आणि फार थांबलात तर स्नायू जातील, मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही. खुर्ची कायमची." तेव्हा ती त्रेचाळीस होती. त्याच्या सहा महिने आधी पन्नास. रक्त तपासलं, पोट तपासलं, नळी घालून आतूनही बघितलं. रिपोर्ट सगळे चांगले. बाई नुसती खात नव्हती.

"भूक लागत नाही का?" मी विचारायचो.

"लागते की."

"मग?"

"जात नाही रे, धाकट्या."

एवढंच उत्तर. चार घास खाणार, पाणी पिणार आणि ताट पुढे सरकवणार. माझ्या बायकोने हरतऱ्हेचं करून घातलं, गोड, तिखट, पातळ, घट्ट, आणि शेवटी हात टेकले. एका रविवारी काटा एक्केचाळीसवर आला आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "ताई, तुला नक्की काय खावंसं वाटतंय ते एकदा बोल. मिळत असेल तर आणतो, नसेल तर पैदा करतो. पण हे असं ताट सरकवणं मला बघवत नाही."

ती काट्यावरून सावकाश उतरली. मग म्हणाली, "ऑलिव्हं मिळतील का रे इथे? ती कडू असतात बघ. खूप कडू."

मला इतका आनंद झाला की बायकोला हाक मारून सांगितलं. कारण ऑलिव्हची गोष्ट आम्हाला पाठ होती. तिकडे दुपारची पाळी संपली की चौघी नर्सा इस्पितळाच्या मागच्या पायऱ्यांवर बसायच्या, मध्ये पाव, पांढरं खारट चीज, भाजलेल्या वांग्याचं वाटण आणि ऑलिव्हं. बिया टाकायला जखमांच्या ड्रेसिंगचा स्टीलचा ट्रे. बी पडली की टणकन वाजायचं आणि ज्या बाईची बी सगळ्यात जोरात वाजली तिने दुसऱ्या दिवशी पाव आणायचा. ही गोष्ट सांगताना ताईचे डोळे हसतात. मला वाटलं, चला, दुखणं सापडलं. बाईला जुने दिवस हवेत.

आधी दुकानातून तीन बाटल्या आणल्या. तिने प्रत्येकीतलं एकेक खाल्लं आणि हळूच म्हणाली, "हे ते नव्हे रे." बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या. बायको म्हणाली, "एक तुझी, एक ताईंची, आणि तिसरी मी तुझ्या डोक्यात घालायला ठेवलीय." मी म्हटलं, बाटलीतलं असंच असणार. हॉटेलात ताजं मिळेल.

आता एक सांगायचं राहिलं. मी कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते माझ्याकडे येतं आणि माझ्या हातून दात बनून परत जातं. एकतीस वर्षं झाली. या धंद्यात माझं नाव आहे ते एका गोष्टीसाठी: माझी वरची कवळी पडत नाही. बोलताना नाही, हसताना नाही, शिंक आली तरी नाही. ताईचे दात गेले तेव्हा तिची कवळी मी कुणाला हात लावू दिली नाही. तिचं वरचं हाड फार झिजलेलं, म्हणून टाळूवरचा भाग मागपर्यंत नेला, मोडू नये म्हणून नेहमीपेक्षा जाडही ठेवला, आणि नुसत्या पॉलिशला दोन दिवस दिले. ती घालून ताई आरशासमोर उभी राहिली तेव्हा मी तिला मुद्दाम शिंकायला लावलं. ढिम्म हलली नाही.

त्यामुळे हॉटेलात शिरलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला. "ऑलिव्हं बिया काढलेली आहेत ना?" बी चावली गेली आणि माझ्या कवळीचा टवका उडाला तर?

पहिलं हॉटेल निळ्या दारांचं. भिंतीवर रंगवलेल्या होड्या, छताला मासे पकडायचं जाळं, आणि दारात पाच पायऱ्या. ताईला वर चढवेपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटला. सॅलडमध्ये ऑलिव्ह म्हणून जे आलं त्या काळ्या चकत्या होत्या, रबराच्या वायसरसारख्या. ताईने दोन खाल्ल्या. "हे ते नव्हे रे."

मी वेटरला बोलावलं. "हे कुठून आणता?"

"भूमध्य समुद्रातून, साहेब."

"समुद्रातून? ऑलिव्ह काय मासा आहे?"

त्याने मॅनेजरला आणलं. मॅनेजर म्हणाला, आमचं सगळं अस्सल असतं. माझा पारा चढला. मी म्हटलं, डबा दाखवा. तो नको म्हणाला, मी हटून बसलो, शेवटी डबा आला. त्यावर मागच्या वर्षीची तारीख होती. मी ती शेजारच्या टेबलालाही वाचून दाखवली. ताई माझी बाही ओढत होती आणि मॅनेजरला म्हणत होती, "तसं काही नाही हो, छान होतं." हिची ही सवय मला अजिबात आवडत नाही. खाल्लं नाही ते छान कसं?

दुसरं मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. सामानाच्या लिफ्टमधून गेलो, रिकाम्या खोक्यांच्या मधोमध. मोठ्या थाटात लाकडी फळी आली, तिच्यावर सात वाट्या, आणि वाटून गुळगुळीत केलेल्या काबुली चण्यांच्या डोंगरावर एक ऑलिव्ह. एक. मी विचारलं, बाकीची? तर वेटर म्हणाला, ते सजावटीला असतं.

मग मी इंटरनेटवरून यादी काढली. 'शहरातली भूमध्य चवीची दहा उत्तम ठिकाणं.' तिसऱ्या ठिकाणी पोचलो तर तिथे केस कापायचं दुकान. "हॉटेल बंद होऊन दोन वर्षं झाली," खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, आणि कापणाऱ्याने मलाही बसायला सांगितलं. फोन केला तर यादीतली आणखी तीन अशीच निघाली. ही यादी कोण लिहितं? ज्याने लिहिली त्याला माझ्या गाडीत बसवून, मांडीवर वॉकर देऊन, भर दुपारी ट्रॅफिकमध्ये फिरवला पाहिजे.

चौथं मोठं हॉटेल, पांढऱ्या टेबलक्लॉथवालं. तिथे मात्र खरीखुरी अख्खी ऑलिव्हं होती, हिरवी, तपकिरी, जांभळी, तीन वाट्यांत. मी हिरवी मागवली, अर्थात बिया काढलेली. पोटात लाल मिरचीचा तुकडा भरलेला. मला वाटलं, जमलं. ताईने एक तोंडात घातलं, डोळे मिटले. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे इतक्या ओशाळ्या चेहऱ्याने बघितलं, जसं काही तिनेच काहीतरी फोडलंय.

"नाही?"

"नाही रे."

पाचव्या ठिकाणी फक्त उंच स्टुलं होती, माणसाने बगळ्यासारखं चढून बसायचं. मी म्हटलं, साधी खुर्ची द्या. ते म्हणाले, खुर्ची आमच्या डेकोरेशनमध्ये बसत नाही. ताई त्या दिवशी गाडीतच बसून राहिली आणि मी पुड्यात बांधून आणलेली ऑलिव्हं तिने खिडकीची काच अर्धी खाली करून खाल्ली. तीन. चौथं परत ठेवलं. रविवारी काटा म्हणाला, चाळीस आणि थोडं वर.

मी आता तिच्यावरही चिडायला लागलो होतो. खोटं कशाला सांगू? बायकोला म्हणालो, "हिला मुळात खायचंच नाहीये. मला नुसतं पळवतेय." बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "तू त्यांना नेतोस, समोर बसवतोस आणि परीक्षेच्या पेपरसारखं त्यांच्या तोंडाकडे बघत बसतोस," ती म्हणाली. "कोणाला घास जाईल?" मी दार आपटून बाहेर गेलो.

सहावं ठिकाण यादीत नव्हतं. आमच्या प्लास्टरच्या गोणी पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याने सांगितलं. टायरच्या दुकानामागे, चार टेबलं, एक बाई चालवते, ऑलिव्हं स्वतःच मिठाच्या पाण्यात मुरवते. शनिवारी दुपारी गेलो. पायरी एकच होती, हे पहिलं बरं लक्षण. मालकीणबाई पंचेचाळिशीच्या, हाताला पीठ. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"बिया मी काढत नाही," त्या म्हणाल्या.

"माझ्या बहिणीला कवळी आहे."

"मग सावकाश खातील. घाई कुणाला आहे?"

मला हे उत्तर आवडलं नाही, पण ताई तोवर खुर्चीत बसलीही होती. बशी आली. हिरवी ऑलिव्हं, दगडाने ठेचून फुटलेली, लसूण आणि लिंबाच्या साली घातलेली, तेलात. बाजूला गरम पाव, वांग्याचं वाटण, पांढरं चीज. अगदी त्या पायऱ्यांवरचं, गोष्टीतलं. वास दारापर्यंत येत होता. मी मनात म्हटलं, आता जर ही नाही म्हणाली तर संपलं.

ताईने एक ऑलिव्ह घेतलं. बराच वेळ घोळवलं. मध्येच तिचा चेहरा वेडावाकडा झाला, तिने तोंडावर हात धरला, बी काढून बशीत ठेवली. मग दुसरं घेतलं. तिसरं. मग हात पुसले.

"हेही नाही, धाकट्या," ती म्हणाली. "राहू दे आता. तू फार केलंस. आपण घरी जाऊ."

"आणि ऑपरेशन?"

"नाही झालं तर नाही. मी किती जणांना खुर्चीत बसवलंय. त्यात एवढं वाईट काही नसतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्चीत बसून जन्म काढायला ही तयार होती, पण चार घास खायला नाही. तिच्यावर ओरडता येईना, म्हणून मी मालकीणबाईंना हाक मारली आणि सगळं त्यांच्यावर काढलं. म्हणालो, तुम्ही लोक नावं मोठी लावता, वास मोठे सोडता, आणि खायला गेलं तर चव नावाला नाही. पाच हॉटेलं झाली, पाचही एका माळेचे मणी. टायरवाल्याकडचं हातोडी मारणं थांबलं, इतका माझा आवाज चढला होता.

मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही किती खाल्लीत?"

"मी ऑलिव्ह खात नाही."

"मग चव नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

"बहीण म्हणतेय."

"एक खा. नाही आवडलं तर बशी मी परत नेते."

मी तिरीमिरीत एक उचललं आणि दाताखाली धरलं. देवा. आधी आंबट आलं, मग मीठ, मग लसूण, आणि मग असा कडवटपणा टाळूला जाऊन चिकटला की डोळ्यांत पाणी आलं. कान गरम झाले. मी पाण्याचा ग्लास रिकामा केला तरी ते टाळूवर बसून होतं. टाळूवर. मी जिभेने ते खरवडत होतो आणि जीभ टाळूवर फिरवता फिरवता मधेच थांबलो.

ताई माझ्याकडे बघत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

एकतीस वर्षांत माझ्याकडे निरोप येतात. कवळी जड वाटते, परकी वाटते, गरम-गार कळत नाही, जेवण मातीसारखं लागतं. डॉक्टर फोन करून सांगतात आणि मी दर वेळी एकच सांगतो: महिनाभर द्या, सवय होईल. ती माणसं मी कधी बघितलेली नसतात. मला फक्त त्यांच्या तोंडाची मापं माहीत असतात. ताईच्या टाळूचं माप तर मला पाठ होतं, आणि ती मी या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाड प्लॅस्टिकने, स्वतःच्या हाताने झाकून टाकली होती.

मी कागदी रुमाल तिच्यासमोर ठेवला. "ताई, वरची काढ."

"इथे? लोक आहेत."

"काढ."

तिने मान खाली घातली, हाताआड कवळी काढली आणि रुमालात ठेवली. तिचं तोंड एकदम लहान झालं, आईसारखं. मी बशीतलं सगळ्यात जास्त फुटलेलं ऑलिव्ह निवडलं, बोटांनी बी काढली आणि तिच्या हातावर ठेवलं. तिने ते हिरड्यांनी चेचलं. मग एका गालातून दुसऱ्या गालात नेलं, आणि ती म्हणाली, "लिंबू आहे यात." थोडं थांबून, "लसूण." मग पुढचं ऑलिव्ह तिने स्वतःच घेतलं, बीसकट, आणि त्याच्या पुढचं. पावाचा तुकडा तेलात बुडवून चघळला. मालकीणबाई बियांसाठी स्टीलची वाटी ठेवून गेल्या.

"कधीपासून लागत नव्हती चव?" मी विचारलं.

"घातली त्या दिवसापासून."

"सात महिने? आणि बोलली नाहीस? डॉक्टरांना पण नाही? तू नर्स आहेस, ताई."

दाताशिवाय तिचे शब्द मऊ येत होते, पण कळत होते. "तू दोन दिवस नुसती घासत होतास ती. शेजारणीला बोलावून दाखवलीस. मला शिंकायला लावलंस." तिने वाटीत एक बी टाकली. "मला वाटलं, सवय होईल. तूच म्हणतोस ना सगळ्यांना."

"मग ही ऑलिव्हं कशाला? ते पायऱ्यांवरचे दिवस..."

"ते आठवतात रे. पण त्यासाठी नव्हतं ते." ती खाली बघत म्हणाली. "मला माहीत असलेली सगळ्यात कडू वस्तू ती. म्हटलं, एवढं कडू तरी त्या कवळीतून लागेल. लागलं असतं तर वजन वाढलं असतं, आणि तुला काही सांगावं लागलं नसतं."

मला लाज वाटली, आणि राग आला, आणि या खेपेला तो कोणावर काढायचा ते बरोबर ठाऊक होतं. बाजूला टायरवाल्याने पुन्हा हातोडी मारायला सुरुवात केली. ताईने बशी पुसून खाल्ली, दुसरी मागवली, आणि निघताना मी मालकीणबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, शनिवारी या, शनिवारी ताजी असतात.

रविवारी सकाळी लॅब उघडली. दोन दिवस घासलेली टाळू कापायला अकरा मिनिटं लागली. मधला सगळा भाग काढून टाकला, राहिली ती घोड्याच्या नालेसारखी कड आणि तिच्यावर दात. असं काम दुसऱ्या कोणी केलेलं माझ्याकडे आलं असतं तर मी त्याला नावं ठेवली असती. हाड झिजलेलं, मागे आधार नाही, ही कवळी बसणार कशाच्या जोरावर? पण कडा गुळगुळीत केल्या, धुतली आणि ताईला दिली.

तीन आठवड्यांनी काटा साडेत्रेचाळीसवर गेला. अजून दीड किलो बाकी आहे, डॉक्टरांनी नवी तारीख पेन्सिलीने लिहून ठेवलीय. काल मी ताईला त्या निळ्या दारांच्या हॉटेलात घेऊन गेलो, कारण डब्याबद्दलचं माझं बोलणं परत घ्यायचं होतं. डब्याची तारीख मागच्या वर्षीची होती ती आतलं भरल्याची, संपायची नव्हे, हे मला नंतर बायकोने चष्मा लावून दाखवलं होतं. मॅनेजरने मला दारातच ओळखलं आणि तो ताठ उभा राहिला. मी जे बोलायचं ते बोललो. त्याने आम्हाला खिडकीजवळचं टेबल दिलं आणि स्वतः सॅलड आणलं, त्याच काळ्या चकत्या.

ताईने एक खाल्ली. "बरी आहेत की रे," ती म्हणाली. "आणि तू डबा मागवलास या बिचाऱ्याकडे. शेजारच्यांना वाचून दाखवलास." तिला हसू आवरेना, आणि हसता हसता वरची कवळी सुटून थेट तेलाच्या वाटीत पडली. मॅनेजर छताकडे बघायला लागला. ताईने ती दोन बोटांनी काढली, पुसली, आणि मला देऊ केली.

"शिंकेला पडत नाही म्हणे," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने पुढची चकती उचलली.